एकतीस रनांची अरुणा

डोळे मिटायचे नाहीत, असं स्वतःला बजावून मी केतकीच्या खोलीच्या दाराशी चटई टाकून आडवी झाले आहे. दुपार आहे. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली आहे आणि कूलर घरघरतो आहे. त्या घरघरीतून मला केतकीचा श्वास ऐकायचा आहे. तो ऐकू येतो, मग हरवतो, मग मी मान उचलते आणि तो पुन्हा सापडतो.

केतकी माझ्या नवऱ्याची मुलगी. तिची आई अरुणा ती चार वर्षांची असताना गेली. कावीळ झाली होती, ती अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. पुढे काही वर्षांनी हेमंतशी माझं लग्न झालं आणि मी संगमनेरहून अमरावतीला आले. केतकी मला मावशी म्हणते. सोळावं लागलंय तिला आता.

परवा सॉफ्टबॉलच्या उपांत्य सामन्यात ती घसरत होमच्या पाटीवर आली, तेव्हा कुणीतरी फेकलेला बॉल तिच्या कानामागे बसला. हेल्मेट त्याआधीच डोक्यावरून उडालं होतं. ती उठली, पँट झटकली, हसली. रन मिळाला होता. मी तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता तरी ठीक वाटतंय. पण उलटी झाली किंवा फार झोप यायला लागली, तर थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या." हेमंत तेव्हा मैदानावर होता, तो संघाचा कोच आहे. डॉक्टरांचं म्हणणं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, लक्ष ठेवू.

आज सकाळी तिला उलटी झाली. तिनं बाथरूमचा नळ मोठा सोडला होता, तरी मला कळलं. बाहेर येताच तिनं माझा हात धरला.

"मावशी, बाबांना सांगू नको. पोह्यांनी झालं असेल. फक्त आजचा दिवस."

आज अंतिम सामना आहे. फोन मी दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. मध्येच हेमंतचाच फोन आला. मैदानावर गडबड होती, तो ओरडूनच बोलत होता. "तिला झोपू दे जराशी. निघताना उठव." मी तोंड उघडायच्या आत फोन बंद झाला.

आज तिला दोन रन हवेत. तेवढ्यासाठी हे सगळं चाललंय.

या खेळात बॉल मारला म्हणून रन मिळत नाही. मारून पळायचं, पहिला बेस, दुसरा, तिसरा करत पुन्हा जिथून सुटलो तिथे यायचं. तिथे जमिनीत एक पांढरी पाटी बसवलेली असते, तिला होम म्हणतात. होमला पाय लागला की रन, आणि तो रन पोचणारीच्या नावावर. केतकीची आई अशी पोचायची. वीसेक वर्षांपूर्वी एका सूतगिरणीवाल्या शेठनं हौसेनं मुलींची लीग काढली होती. खेळण्याचे चक्क पैसे मिळायचे. एकच हंगाम चालली, मग शेठची हौस संपली. पण त्या हंगामात सगळ्यांत जास्त रन काढणाऱ्या मुलींची नावं वर्तमानपत्रात आली होती. ते कात्रण आमच्या हॉलमध्ये काचेत लावलेलं आहे. सगळ्यांत वर, फोटोसकट, अरुणा टवलारे, एकतीस. तिच्याखाली जळगावची एक मुलगी, एकच रन कमी. केतकी त्या कात्रणाखाली जेवत, अभ्यास करत वाढली. या हंगामात तिचे तीस झाले आहेत.

तिला थांबवलं तर लोक म्हणतील, सख्खी आई असती तर खेळू दिलं असतं. केतकीही म्हणेल, बोलून नाही, पण म्हणेल. आणि नाही थांबवलं आणि काही झालं, तर तेच लोक तेच वाक्य उलटं फिरवतील. हाच विचार करत मी पडले आहे. उन्हाची पट्टी हळूहळू माझ्या पायांपर्यंत येते. कूलरची घरघर जरा पातळ होते. मग ती कूलरची राहतच नाही. ती माणसांची आहे, लांबून, कुठल्यातरी पत्र्याच्या छपराखालून येणारी.

"काहून वं, झोपली काय?"

फ्रिजजवळ एक मुलगी उभी आहे. बाटली तोंडाला न लावता पाणी पिते आहे आणि ते हनुवटीवरून गळ्यात उतरतंय. अंगात खेळाचा शर्ट आहे, मोहरीच्या रंगाचा. कात्रणातला फोटो काळा-पांढरा आहे, म्हणून हा रंग मला कधी माहीत नव्हता.

"नाही," मी म्हणते. "नुसती पडले आहे."

"पडलेल्या माणसाचे डोये उघडे असतेत."

तिला मी प्रत्यक्ष कधीच पाहिलेलं नाही, तरी ओळखायला क्षणही लागत नाही. ती माझ्यापेक्षा वयानं किती लहान दिसते. तेवीस-चोवीसची. तरी माझ्या तोंडून ताईच येतं.

"अरुणाताई, तुम्ही कशाला आलात?"

ती बाटलीचं झाकण लावते. लग्नाच्या वेळी माझ्या आईनं मला चांदीचा छोटा टाक करून आणला होता, पहिलीच्या नावानं दुसरीनं गळ्यात घालायचा तसा. घाल, म्हणजे सवत त्रास देत नाही, म्हणाली होती. मी वर्षभर घातला. एकदा वेणी घालताना तो केतकीच्या केसांत अडकला, ती रडली, तेव्हा काढून ठेवला तो ठेवलाच. आता माझा हात आपोआप गळ्याकडे जातो.

"नाही घातलेला," ती म्हणते. "दिसते मले."

"तुम्ही तिला न्यायला आलात का?"

"पोरीचे किती झाले?"

"तीस."

"माहे एकतीस होते."

"माहीत आहे. भिंतीवर आहेत."

"भिंतीवर तेवढंच आहे," ती म्हणते आणि फ्रिजचं दार उघडते.

आतून गार हवा येत नाही, ऊन येतं. आम्ही मैदानावर आहोत. पायाखाली लाल मुरूम आहे आणि वर आकाश नुसतं पांढरं. आमचा भांडी घासायचा ओटा तसाच आहे, तिसऱ्या बेसच्या बाजूला, नळ टपटपतो आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली नाहीत, लोखंडी खाटा लावल्या आहेत, आणि खाटांवरचे पेशंट उठून बसून मैदानाकडे बघताहेत. कुणी काही बोलत नाही. घरघर मात्र चालूच आहे.

अरुणा मला दंडाला धरून तिसऱ्या बेसपाशी नेते. तिचा हात गरम आहे. मला वाटलं होतं गार असेल.

"इथं उभी राहा."

"मला यातलं काही येत नाही."

"ऐक तर. पोरगी दुसऱ्या बेसवरून वयली का बॉल तिच्या पाठीमागं राहतो. तिले दिसत नाही. मान वयवून पाहत बसली तर गेली. तिनं फक्त इथं उभ्या असलेल्या माणसाच्या हाताकडं पाहायचं. हात गोल फिरवला, म्हणजे पय. दोन्ही हात असे पुढं धरले, म्हणजे थांब."

ती दोन्ही तळवे माझ्या तोंडासमोर धरते. तळहातांवर घट्टे आहेत.

"तुम्हाला कधी कुणी थांबवलं होतं?" मी विचारते.

ती खाली बघते. बुटाच्या टोकानं मुरूम उकरते.

"डोये पिवये झाले होते माहे. माय म्हणे, घरी ये. हेमंत म्हणे, दवाखान्यात चाल. डॉक्टरनं तर हातच जोडले. तिघं जणं हात दाखवत होते. मी पाहिलंच नाही कोणाकडं. म्हटलं, खेळाचं शिबिर संपू दे." मग ती म्हणते, "पोरगी दारात उभी होती. तिले म्हटलं, येतोच मी."

खाटांवरचे पेशंट एकदम पुढे झुकतात. टाळी वाजावी तसा आवाज होतो, बॅटला बॉल लागल्याचा. मी वळून बघते. केतकी पळत सुटली आहे.

ती पहिल्या बेसजवळ चार वर्षांची आहे. फ्रॉक घातलाय, एक चप्पल पायात आहे आणि एक नाही. पहिला बेस ओलांडते तशी तिची उंची वाढते. दुसऱ्या बेसवर ती सोळाची आहे, वेणी उडते आहे, आणि कानामागे काहीतरी काळसर दिसतंय, जे पळताना पसरतंय.

"अरुणाताई," मी म्हणते, "तुम्ही थांबवा तिला. तुमचं ऐकेल ती."

पण अरुणा माझ्या शेजारी नाही. ती होमवर जाऊन उभी आहे. पांढऱ्या पाटीच्या पलीकडे, जिथे पोचल्यावर धावणं संपतं तिथे. तिच्या मागे मैदान नाही. काहीच नाही, नुसता पांढरा उजेड.

मला तेव्हा कळतं की केतकी पोचली तर काय होईल.

मी हात वर करायला जाते आणि हात उचलत नाहीत. खाली बघते तर ते परातीत आहेत, कोपरापर्यंत कणकेत. ओट्यावरची परात. कणीक घट्ट झाली आहे, मी ओढते तेवढी ती हातांना आणखी धरते. केतकी वळली आहे. तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. तिला हात दिसले नाहीत. मग तिनं समोर बघितलं, आणि तिचा चेहरा असा उघडला, की तसा मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता.

"आई," ती म्हणते. ओरडत नाही. घरात शिरताना म्हणावं तसं म्हणते.

होमवर अरुणाचे हात हळूहळू वर येताहेत. पुढे येताहेत. थांब म्हणायला नाही, उचलून घ्यायला.

"हात खाली घ्या," मी तिला म्हणते. "ताई, पाया पडते, हात खाली घ्या."

"घेऊन तर राहिली," ती म्हणते. इतक्या लांबून बोलते तरी आवाज माझ्या कानाशी आहे. "खाली राहत नाहीत वं. दिवसभर समजावलं सोताले. तिले पाहिलं का माहे हात पुढंच येतेत. म्हणून तर तुह्याकडं आली. माह्यानं नाही होत. तू थांबव."

केतकी तिसऱ्या बेसवरून सुटते. माझ्या समोरून जाते. तिच्या घामाचा आणि तेलाचा वास येतो, तिच्या उशीला येतो तोच.

मी परातीसकट पळते. मग परात कुठेतरी पडते आणि मी नुसती पळते. शाळेतसुद्धा मी कधी पळाले नाही, खो-खोत मला नेहमी बसवून ठेवायचे. पाय मुरमात रुततात. होम जवळ येत नाही, केतकीची पाठ जवळ येत नाही. मध्येच एसटी स्टँड येतो, लाल गाड्या दोन्ही बाजूंनी निघताहेत, कंडक्टर दोरी ओढतो आहे. मग स्टँड नाही, पुन्हा मुरूम आहे, आणि तिची वेणी माझ्या हाताच्या अंतरावर आहे. धरवत नाही. पुढे अरुणा आहे, हात पसरलेले, डोळे घट्ट मिटलेले, आणि गालांवरून पाणी वाहतंय.

"घसर," अरुणा म्हणते.

मी अंग टाकते. उजवी बाजू जमिनीला लागते आणि पेटल्यासारखी होते. मी मुरमावरून खरवडत जाते, केतकीच्या पायांमध्ये, आणि ती माझ्यावरून कोलमडते. तिचा हात पुढे पडतो. बोटं पांढऱ्या पाटीच्या वीतभर अलीकडे थांबतात.

घरघर बंद होते.

अरुणा डोळे उघडते. आधी पोरीची बोटं बघते, मग ती आणि पाटी यांच्यातली ती वीतभर जागा. तिचे हात अजून पुढेच आहेत. ती ते एकेक करून मागे घेते आणि काखेत दाबून धरते, थंडी वाजणाऱ्या माणसासारखे.

"केवढी झाली वं," ती म्हणते.

मी केतकीचा घोटा धरून ठेवलाय.

"ऊठ आता," ती म्हणते. "लवकर ऊठ. ती उठली आहे."

मी जागी होते. उन्हाची पट्टी भिंतीवर चढली आहे. कूलर बंद आहे, वीज गेली आहे, आणि त्या शांततेत खोलीतून एक बारीक आवाज येतोय, काहीतरी घासल्यासारखा.

केतकी पलंगाच्या कडेवर बसली आहे. खेळाचे कपडे घातलेले आहेत, शर्ट उलटा. उजवा बूट ती डाव्या पायात घालू पाहते आहे. बसत नाही. ती काढते, बघते, पुन्हा तोच बूट त्याच पायात घालायला लागते.

"केतकी."

"हे बसत नाही," ती म्हणते. शब्द एकमेकांना चिकटून येताहेत. "मावशी, हे लहान झालेत."

मी तिच्या डोळ्यांत बघते. एक बाहुली मोठी आहे, एक बारीक.

"चल," मी म्हणते.

"मॅचला?"

"नाही."

ती मला ढकलते. अजून ताकद आहे तिच्यात. "तू कोण मला नाही म्हणणारी," असं काहीतरी म्हणते, अर्धं कळतं. मी दारात उभी राहते आणि दोन्ही हात पुढे धरते. ती माझ्या हातांकडे बघते. बराच वेळ बघते. मग तिचे गुडघे जातात आणि मी तिला धरते.

खालच्या मजल्यावरचे तायडेकाका गाडी काढतात. हेमंत फोन उचलत नाही, सामना सुरू झालेला असणार. मागच्या सीटवर केतकीचं डोकं माझ्या मांडीवर आहे. मी तिला झोपू देत नाही. सारखी हाक मारत राहते, नावानं, लाडाच्या नावांनी, शेवटी शिव्या देऊनसुद्धा.

हॉस्पिटलमध्ये डोक्याचे फोटो काढतात, आणि मग सगळे पळायला लागतात. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. डॉक्टर सहीसाठी कागद पुढे करतात. नातं काय, विचारतात. मी आई म्हणते आणि सही करते.

हेमंत येतो तेव्हा ऑपरेशन चालू असतं. बुटांना मुरूम लागलेला, गळ्यात शिट्टी. तो माझ्याजवळ बसतो. सकाळच्या उलटीचं मी त्याला सांगते. तो गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकतो. मग म्हणतो, "मी फोन ठेवायला नको होता."

सकाळी तिला शुद्ध आलेली असते. डोक्याला पट्ट्या, ओठ सुकलेले. मला आत सोडतात.

"मॅच?" ती विचारते.

"हरलो," मी म्हणते.

"माझे?"

"तीसच आहेत."

ती तोंड भिंतीकडे वळवते. तिच्या डोळ्याच्या कडेतून एक थेंब कानाकडे उतरतो. पुसायला मी हात पुढे करते, तर ती मान हलवून नको म्हणते. मी हात मागे घेते. तिचा श्वास ऐकत तशीच उभी राहते. तो नीट चालू आहे. थोड्या वेळानं ती भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणते, "मावशी, जाऊ नको."

"नाही जात."

स्टुलावर बसायला जाते तर उजवी मांडी अशी झोंबते की मी तशीच अर्धी उभी राहते. रात्रभर ती आग होत होती, पण तिकडे लक्षच गेलं नव्हतं. औषध द्यायला आलेली सिस्टर माझ्या सलवारीकडे बघते.

"हे रक्त कशाचं आहे?"

ती मला पडद्याआड नेते. कापड जखमेला चिकटून वाळलं आहे. कोमट पाण्यानं भिजवून ती ते सावकाश सोडवते. नडगीपासून मांडीपर्यंत बाहेरच्या बाजूची सगळी कातडी खरवडून निघाली आहे. सिस्टर चिमट्यानं त्यातले लाल मुरमाचे खडे एकेक करून काढते आणि ट्रेमध्ये टाकते. टक, टक, असा त्यांचा आवाज येतो.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. घरात पायाखाली सगळी फरशी आहे.

"मैदानावरच्या पोरींना होतं हे," सिस्टर म्हणते. "घसरल्यावर. तुम्ही पण खेळता का?"

मी पडद्याच्या फटीतून केतकीकडे बघते. तिनं तोंड माझ्या बाजूला वळवलं आहे.

"काल पहिल्यांदाच," मी म्हणते.